रिकाम्या बाकांचा पाळक

माणसांना दरडावणारे मी पुष्कळ पाहिले. सारी नोकरी कलेक्टर कचेरीत झाली, त्यामुळे दरडावून घेण्यात माझा हात धरील असा इसम जिल्ह्यात सापडायचा नाही. पण रिकाम्या बाकांना दरडावणारा माणूस आयुष्यात एकच भेटला, आणि तो माझा घरमालक होता.

घर तसं त्यांचं नव्हतं, मिशनचं होतं. पुढे चर्च, चर्चमागे बंगला, बंगल्यामागे दोन खोल्या आणि त्या खोल्यांत मी. राजापूरकडून नवीन नोकरीवर रत्नागिरीत आलो तेव्हा जागा दोनच मिळत होत्या. एकीत ढेकूण होते आणि दुसरीच्या मालकाला उपवर मुली होत्या. मी दोन्ही ठिकाणांहून जीव घेऊन पळालो तो थेट चर्चच्या फाटकात. पाळकसाहेब माडाखाली खुर्ची टाकून बसले होते. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "जागा देतो. अट एकच. रविवारी सकाळी घोरायचं नाही. उपासनेला येणाऱ्या माझ्या मंडळीला झोपेची सवय आहेच, तिला बाहेरून साथ नको."

ही खबर गावी पोचताच माझी आत्या तडक येऊन फाटकात उभी राहिली आणि तिने गळा काढला, "बाटलास रे मेल्या, बाटलास!"

पाळकसाहेब कोट चढवून बाहेर आले. "आत्याबाई, घाबरू नका. कित्येक वर्षांत माझ्या हातून एकही माणूस बाटलेला नाही. होते तेच गळतायत. तुमचा भाचा बाटला तर मिशन मला पदक देईल. पण माझं नशीब कुठलं एवढं!"

आत्याचा जीव भांड्यात पडला. जाताना तिने त्यांच्या विहिरीकडेचं अळू कापून नेलं. पानं धुऊन नेली, हे तिच्या वतीने सांगितलं पाहिजे.

आवाज म्हणाल तर असा आवाज पुन्हा झाला नाही. व्यासपीठावरून ते "आमेन" म्हणाले की मांडवीच्या धक्क्यावरचे कावळे मिऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, आणि किल्ल्यावरच्या दीपगृहाचा रखवालदार "कोण रे?" म्हणून ओरडे. हे मी पदरचं सांगत नाही. खुद्द रखवालदाराने सांगितलं. तो आता हयात नाही, म्हणून निर्धास्तपणे सांगतो.

आणि हा एवढा आवाज ऐकायला माणसं किती? एक बायबलबाई. बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बायबल वाचून दाखवणारी मिशनची बाई. ती आता म्हातारी आणि ठार बहिरी झाली होती. दुसरा एक पेन्शनीतला कंपाउंडर. तिसरा पाळकसाहेबांचा कुत्रा. त्यातल्या त्यात उपदेश मन लावून ऐके तो कुत्रा.

एकेकाळी म्हणे चर्चमध्ये उभं राहायला जागा नसे. मिशनची शाळा होती, अनाथाश्रम होता, दवाखाना होता. मग एकेक करून सगळ्यांना कुलपं लागली. शिकलीसवरली पोरं मुंबईला इस्पितळांत, रेल्वेत, गिरण्यांच्या हपिसांत लागली आणि आईबापांना घेऊन गेली. चर्चमध्ये बाकं राहिली. कोणतं बाक कोणाचं, हे पाळकसाहेबांच्या डोक्यात पक्कं होतं. शनिवारी ते स्वतः खोबरेल तेलाने बाकं पुसत आणि प्रत्येकावर गीतांचं पुस्तक ठेवत. रविवारी उपदेश ऐन रंगात आला की मध्येच थांबत आणि गरजत, "तिसऱ्या बाकावरचे मास्तर! खिडकीतून बाहेर काय बघताय? इथे मी घसा कोरडा करतोय!"

मास्तर भायखळ्याला.

मी एकदा म्हटलं, "साहेब, मास्तर मुंबईत आहेत."

"म्हणूनच दरडावतो. समोर होते तेव्हा कोणाची टाप होती? मलाच शाळेत त्यांनी अंगठे धरायला लावले होते."

"मग निदान बाकं कमी करा. मधे हवा खेळेल."

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं चर्चच्या कौलांतून पावसाचं पाणी मीच आत आणलंय. "आणि मास्तर आले म्हणजे? आले, जागा नाही म्हणून परत फिरले, तर वर गेल्यावर मला विचारतील, माणूस आला होता, तू त्याची जागा का नाही ठेवलीस? तेव्हा काय सांगू? हवा खेळत होती म्हणून?"

एकाच बाकाला ते कधी बोलले नाहीत. उजवीकडचं पहिलं. ते पाळकीणबाईंचं. बाई वारल्या त्याला बरीच वर्षं झाली होती, चर्चमागच्या चिऱ्याच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, त्या निजल्या होत्या. मी वात्रटपणे विचारलं, "ह्या बाकाला का नाही दरडावत?"

"जिवंतपणी जमलं नाही," ते म्हणाले, "आता कुठून जमणार?"

चर्चला लागून भंडारवाडी. वाडीचा गावकर, म्हणजे वाडीचा मुख्य, माडी काढायचा. त्याचा सगळ्यांत दुधाळ माड नेमका चर्चच्या खिडकीला टेकलेला. पाळकसाहेब दारूचे हाडवैरी. खिडकीच्या आत दारूबंदीवर उपदेश चाले आणि खिडकीच्या बाहेर, तीन पुरुष उंचीवर, मडकं भरत असे. एका रविवारी पाळकसाहेबांना फार भरून आलं. त्यांनी हात वर केले आणि छपराकडे बघून आर्तपणे विचारलं, "हे प्रभो! तू माझं ऐकतोस ना?"

वरून स्पष्ट उत्तर आलं, "ऐकतंय, ऐकतंय! बोल तू!"

कंपाउंडर जागच्या जागी आडवा झाला. कुत्रा बाकाखाली गेला. बायबलबाईला काहीच ऐकू आलं नाही, ती शांतपणे "आमेन" म्हणाली. पाळकसाहेब खिडकीशी गेले. माडाच्या शेंड्यावर गावकर कमरेला कोयता लावून बसला होता.

"उतर खाली, मेल्या! देवाच्या वतीने बोलतोस?"

"तूच इचारलंस, पाद्रीबाबा. कोन काय बोलंना, मला वाईट वाटलं."

त्या दिवसापासून दोघांचं जन्माचं वैर जमलं. म्हणजे रोज संध्याकाळी दोघे विहिरीच्या कठड्यावर बसून भांडत.

विहीर मात्र सांगण्यासारखी. चैत्र-वैशाखात वाडीच्या विहिरींचं पाणी मचूळ होई, चर्चच्या विहिरीचं गोडच्या गोड. फाटक पहाटे उघडे ते रात्री लागे. पाळकसाहेबांचा कायदा एवढाच, की हंड्याची जात विचारायची नाही आणि रहाटाशी भांडायचं नाही. दुसरं कलम पाळायला पहिल्याहून कठीण गेलं.

त्या सुमारास देशावर जागृती सुरू झाली होती. पुण्या-नगरकडच्या चर्चमधून म्हणे लोक ढसाढसा रडत, चारचौघांत पापं कबूल करत, टाळ-मृदंग घेऊन येशूची भजनं म्हणत नाचत. ओस पडलेली चर्चं भरू लागली होती. पाळकसाहेब नाक मुरडून म्हणत, "ही जागृती घाट उतरायची नाही. आंबा घाटात गारठून माघारी जाईल." पण आतून त्यांना तिची ओढ लागली होती. एक दिवस त्यांनी टाळ आणि मृदंग पैदा केले आणि जाहीर केलं, "आपल्याकडेही जागृती करायची."

पहाटे अंधारातच ती सुरू झाली. पाळकसाहेब मृदंग बडवत, बायबलबाई स्वतःच्या तालावर टाळ वाजवी, कुत्रा वरचा सूर धरी. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब कंपाउंडरला म्हणाले, "आता पाप कबूल कर. जागृतीत ते लागतं."

कंपाउंडर भिडस्त. आढेवेढे घेत तो म्हणाला, "दवाखान्यात औषध संपलं की मी गुलाबी रंगाचं पाणी द्यायचो."

दारातून दूध घालणारी बाई हे ऐकत होती. सूर्य वर येईपर्यंत ते अर्ध्या गावाला कळलं. दुपारी चर्चच्या फाटकात माणसांची ही रीघ. माझ्या पाहण्यात तिथे इतकी गर्दी कधी झाली नव्हती. "माझा खोकला पाण्यावर बरा केलास काय रे?" म्हणून एक म्हातारा काठी घेऊन आला होता. बरा झाला होता, तरी रागावला होता! कंपाउंडर पुढे आठवडाभर माझ्या खोलीत लपून होता. पाळकसाहेबांनी मृदंग खुंटीला टांगला आणि म्हणाले, "आपल्या लोकांना जागं करण्यात अर्थ नाही. उठल्या उठल्या भांडतात."

आणि मग ती बातमी आली. साहेबाच्या देशात पैशाची तंगी झाली होती, मिशनला खर्च झेपत नव्हता. एक गोरा साहेब आणि त्याच्याबरोबर जागृतीतले मोठे उपदेशक येऊन रविवारची उपासना बघणार. मंडळी जिवंत दिसली तर चर्च राहील. नाहीतर कुलूप. घंटा देशावर जाईल, बाकं लिलावात, पाळकसाहेब घाटापलीकडच्या कुठल्याशा वसतिगृहावर देखरेखीला.

त्या संध्याकाळी पाळकसाहेब विहिरीवर भांडायला गेले नाहीत. चर्चमध्ये तेलाचा बोळा घेऊन बाकं पुसत बसले. वार मंगळवार होता.

"घंटा नेली तर नेली," ते म्हणाले. "मी ओरडेन. पण लिलावात बाकं घेणार कोण? चहाची हाटेलं. मास्तरांच्या जागी लोक भजी खातील. आणि..." उजवीकडच्या पहिल्या बाकाकडे पाहून ते गप्प झाले. हा माणूस गप्प बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. दीपगृहाच्या रखवालदारालाही त्या रात्री चुकल्याचुकल्यासारखं झालं असणार.

मी म्हटलं, "साहेब, एवढंच ना? वाडीतली माणसं आणून बसवू. गोऱ्या साहेबाला काय कळतंय?"

ते ताडकन उठले. "कारकुना! तुम्ही कचेरीतली माणसं कागदावर पूल बांधता आणि कागदावरच ते पुरात वाहवता. देवाच्या घरात हे चालायचं नाही. चालता हो!"

मी चालता झालो तो गावकराकडे गेलो. माणसं आणा, असं मी एका शब्दाने बोललो नाही. फक्त काय घडणार ते सांगितलं, थोडं मीठमसाला लावून. गावकर माडावरून उतरत होता तो अर्ध्यावर थांबला.

"आमच्या वाडीतला देव उचलून घाटावर नेतात? आमाला न इचारता?"

"तो ख्रिस्त्यांचा देव आहे, गावकर."

"आसंल. पन ऱ्हातो आमच्या वाडीत ना? इहिरीवर त्याची राखन ना? ऐतवार कदी हाय?"

ऐतवारी सकाळी बोटीतून साहेब आणि उपदेशक उतरले. साहेब ताडमाड. उपदेशक घाटावरचे, समुद्र पहिल्यांदाच बघितलेले. बोटीने त्यांना असं हलवलं होतं की चेहरा कैरीसारखा हिरवा आणि हातात लिंबू. दोघे पहिल्या रांगेजवळच्या खुर्च्यांवर बसले. पाळकसाहेब लग्नातला काळा कोट घालून व्यासपीठावर उभे. खाली बायबलबाई, कंपाउंडर, कुत्रा. मी मागच्या खांबाला.

आणि घंटा वाजली. पाळकसाहेब चमकले, कारण घंटा तेच वाजवत आणि ते तर इथे उभे. पुन्हा वाजली. पुन्हा. दारातून वाडी आत येत होती. देवळात शिरताना घंटा वाजवायची ही रीत, आणि इथे दोरी आयतीच दारात लोंबत होती. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं, एकेक जण उंबऱ्याला हात लावी आणि घंटा ठणकावून आत येई. ठणठण थांबेचना. आग लागली समजून बंदरावरचे खलाशी बादल्या घेऊन धावले आणि तेही आत येऊन बसले.

बसले म्हणजे जमिनीवर. गावकर गुरगुरला, "बाकावर!"

पाळकसाहेब व्यासपीठावरून वाकून दबक्या आवाजात म्हणाले, आणि त्यांचा दबका आवाज म्हणजे मागच्या भिंतीपर्यंत, "अरे, ते मास्तरांचं बाक आहे!"

"मास्तर आलं की उठताव," गावकर म्हणाला.

सगळी बाकं भरली. उजवीकडचं पहिलं मोकळं पाहून एक खलाशी तिकडे वळला, तर गावकराने हात आडवा घातला. "थितं न्हाय. थितं पाळकीनबाय बसतात."

उपासना झाली. उपदेशकांनी लिंबू हुंगत हुंगत उपदेश केला. शेवटी ते डोळे मिटून म्हणाले, "ज्याच्या मनावर ओझं असेल, त्याने लाज न धरता उभं राहावं आणि ते देवापुढे मांडावं."

आता कोकणातल्या माणसाला देवापुढे मन मोकळं कर म्हटल्यावर तो काय करणार? गावकर उभा राहिला, टॉवेल खांद्यावर नीट केला, हात जोडले आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा येशू म्हाराजा! आज तुझी लेकरं तुझ्या दारात जमा झाली हायती, म्हाराजा!"

सगळी वाडी एका आवाजात गरजली, "व्हय म्हाराजा!"

कौलं थरथरली. कुत्रा उभा राहिला.

"काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझं दार बंद करू बघंल त्याची बुद्धी फिरव, म्हाराजा! दार उघडं ऱ्हायलं तर वरसाला वाडीचा एक नारळ तुला पोच करू, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

उपदेशकांच्या हातून लिंबू गळून पडलं. देशभर त्यांनी जागृती पाहिली होती, पण अशी एका घशातून निघालेली कधी पाहिली नव्हती. ते गुडघ्यांवर आले आणि घळाघळा रडू लागले. "आली! कोकणात जागृती आली!" गोऱ्या साहेबाने चष्मा काढून पुसला. हे बायबलबाईलाही ऐकू आलं. आनंदाने तिने कंपाउंडरला मिठी मारली.

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. जिंकले होते. आता फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. उभ्या जन्मात एकदा, दोन मिनिटं. त्यांनी व्यासपीठाची कड घट्ट धरली. भरलेल्या बाकांवरून त्यांची नजर फिरली. अशी भरलेली ती त्यांनी तरुणपणी पाहिली होती. मग नजर उजवीकडच्या पहिल्या बाकावर आली आणि तिथेच थांबली.

"साहेब," ते म्हणाले, "ही माझी मंडळी नव्हे. हे माझे शेजारी. ख्रिस्ती इथे दोघेच आहेत. आणि एक कुत्रा."

बाहेर माडीचं मडकं थेंब थेंब भरताना चर्चमध्ये ऐकू आलं.

गावकर संतापाने लाल झाला. पण तो पाळकसाहेबांशी बोलला नाही, हात जोडलेलेच होते, त्याने गाऱ्हाणंच पुढे चालवलं. "बा येशू म्हाराजा! हा तुझा पाद्री खरं बोलायच्या खोडीपायी मातीत जानार, म्हाराजा! त्याच्याकडं ध्यान देऊ नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबाने मोडक्या मराठीत विचारलं, "तुम्ही क्रिस्ती नाही. मग का आला?"

"पानी पिताव, साहेब."

साहेबाला कळेना. तेवढ्यात कोणीतरी उपदेशकांना तांब्या दिला. रडून आणि बोटीने त्यांचा घसा पार सुकला होता. ते घटाघटा प्यायले, तोंडावरचा हिरवा रंग उतरला, आणि म्हणाले, "गोड आहे हो पाणी."

"त्येच सांगताव," गावकर म्हणाला.

साहेब संध्याकाळपर्यंत विहिरीच्या कठड्यावर बसून होता. रहाटावरची भांडणं त्याने डोळ्यांनी पाहिली. निघताना म्हणाला, पाळकसाहेबांचा पगार मिशन देऊ शकत नाही, तो बंद. पण कुलूप लावत नाही, बाकं राहू द्या. मी घंटेचं विचारलं. तो दाराकडे बघत म्हणाला, "नको. घंटा नेली तर हे सगळे लोक बोटीवर येतील."

पगार गेला त्याचं पाळकसाहेबांनी काही मनावर घेतलं नाही. शिकवण्या करत, लोकांचे अर्ज लिहीत. खरं संकट वर्षाने आलं. गावकर वाडी घेऊन नवसाचा नारळ फोडायला चर्चच्या पायरीवर हजर झाला.

"इथे फोडायचा नाही!" पाळकसाहेब आडवे आले.

"फोडला न्हाय तर नवस फिटत न्हाय."

"आमच्याकडे नवस नाही!"

"आमच्याकडं हाय. बोललो मी, तू न्हाय. तू गप ऱ्हा."

सूर्य डोक्यावर येईपर्यंत हे चाललं. शेवटी विहिरीजवळच्या धुण्याच्या धोंड्यावर तह झाला. तो धोंडा ना चर्चचा, ना देवळाचा. दर वर्षी त्यावर नारळ फुटे, आणि पाळकसाहेब तेवढा वेळ समुद्राकडे तोंड करून उभे राहत. मग मागे न बघता हात मागे पसरत आणि खोबऱ्याचा तुकडा घेत. "मी काही पाहिलं नाही," चावत चावत म्हणत, "पण गेल्या वर्षीचा जास्त गोड होता."

पुढे माझी बदली दापोलीला झाली. एकदा हर्णे बंदरात बोटीवरच्या तांडेलाने सांगितलं, पाद्रीबाबा गेले. मी त्याच बोटीत चढलो.

मातीला देशावरून एक तरुण पाळक आले होते. सभ्य, हळू आवाजाचे. पाळकीणबाईंच्या शेजारी खड्डा खणला होता. गडग्याच्या आत-बाहेर वाडी उभी होती. माझ्या आत्याच्या वयाच्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. तरुण पाळकांनी पुस्तकातलं वाचलं आणि हलकेच "आमेन" म्हणाले. ते पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू आलं नाही. असं पुळचट "आमेन" त्या जागी कोणी ऐकलं नव्हतं. एवढ्यावर हा माणूस मातीआड करायचा, हे कोणालाच पटेना.

गावकर पुढे आला. म्हातारा झाला होता, माडावर चढणं सुटलं होतं. त्याने टॉवेल खांद्यावर नीट केला.

"बा येशू म्हाराजा! तुझा मानूस तुझ्याकडं लावून देताव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भांडखोर हाय, पन खोटा न्हाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गावकराने हात वर जोडले. "हितं त्यानं समद्यांची जागा राखली. थितं त्याला पहिल्या बाकावर बसव, म्हाराजा. बायकोच्या शेजारी."

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी मीही ओरडलो. कंपाउंडर ओरडला, बायबलबाई ओठ बघून ओरडली, आणि तरुण पाळकांच्याही तोंडून ते निघून गेलं.

आणि किल्ल्यावरून, वाऱ्यावर, दीपगृहाच्या रखवालदाराची हाक आली, "कोण रे?"

तो आधीच वारला होता असं लोक म्हणतात. असेल. मी ऐकलं ते सांगितलं.